कातळावरच्या माशाचा पंचनामा

ती घटना मी विसरायची ठरवली, तरी माझं नाक मला विसरू देत नाही. कुठे बोटीला फायबर मारायचं काम चालू असलं आणि त्या रसायनाचा उग्र, गोडसर वास आला, की मला एक मासा आठवतो. दगडातला मासा. त्याच्यामागून तीन कार्यालयांची तीन पत्रं आठवतात आणि माझा रक्तदाब असा चढतो, की बायको न बोलता ताकाचा पेला पुढे ठेवते.

पोलीस खात्यात मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर वरातीतून नवरदेवासकट उधळलेला घोडा दोन गावं ओलांडून शोधून आणला. (घोडा सापडला तेव्हा शांत होता. नवरदेव नव्हता.) पन्नाशी उलटल्यावर मी मुदतीआधीच वर्दी उतरवली. पण एवढ्या नोकरीत मला जेवढा संताप या प्रकरणात आला, तेवढा कुठल्याच खुनात आला नाही. आणि गंमत बघा, यात कोणी मेलं नाही, कोणाचं काही चोरीला गेलं नाही, आणि आजच्या तारखेलाही आरोपी कोणी नाही.

नोकरीची शेवटची वर्षं माझी उत्तनच्या किनारपट्टीवर गेली. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. काम साधं होतं. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग दिवसभर किरकोळ भांडणं. कोणाचं जाळं कोणी कापलं, कोणाच्या रिसॉर्टचा स्पीकर मोठा. मीरा रोडची मंडळी रविवारी समुद्र बघायला यायची आणि सोमवारी मोबाईल हरवल्याचा दाखला घ्यायला यायची. त्यामुळे एका सोमवारी सकाळी साठीच्या एक बाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या हवालदाराने मान वर न करताच फॉर्म काढला.

"मोबाईल का, बाई?"

"मोबाईल नाही. मासा."

आता त्याने मान वर केली. बाईंच्या पायात चिखलाने माखलेले रबरी बूट, कपाळावर घाम, खांद्याला बंदुकीसारखं अडकवलेलं लांब नळकांडं.

"मासा चोरीला गेला?"

"चोरीला नाही गेला. कोणीतरी त्याच्यावर प्लॅस्टिक ओतलंय."

मी आतून हाक मारली. असा तक्रारदार रोज येत नाही.

बाई मीरा रोडला राहत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी नळकांड्यातून पारदर्शक प्लॅस्टिकच्या गुंडाळ्या काढल्या आणि बघता बघता माझ्या ठाण्याची अख्खी फरशी झाकून टाकली. त्यावर काळ्या पेनाने काढलेल्या रेषा. माणसाच्या लांबीचा एक मासा. होडीसारखं काहीतरी. एकात एक तीन वर्तुळं. आणि हात पसरून उभा असलेला एक माणूस, दोन्ही हातांची बोटं ताणलेली. दगडावर प्लॅस्टिक अंथरून कोरीव रेषा जशीच्या तशी उतरवून घ्यायची, ही त्यांची पद्धत. नऊ वर्षं त्या एकट्या हे करत होत्या. माझे शिपाई उकिडवे बसून बघायला लागले. कोठडीतलं एक गिऱ्हाईकही गजांना नाक लावून म्हणालं, "मॅडम, ये मछली सही है."

माझा हवालदार रत्नागिरीकडचा. त्याने एका रेषेवर बोट ठेवलं. "साहेब, ही कातळशिल्पं आहेत. आमच्या गावच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, आहेत अशी. पांडवांनी कोरली म्हणतात. पण समुद्राच्या तोंडात कधी बघितली नाहीत."

"म्हणून तर घाई आहे," बाई म्हणाल्या. "सड्यावरची शिल्पं ऊनपाऊस खातो. ही दिवसातून दोनदा समुद्र खातो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार मागे जातं, तेव्हा कुठे दोन तास कातळ उघडा पडतो. तेवढ्यात मी काय उतरवेन ते. दरवर्षी एखादी रेषा पुसलेली असते."

"किती जुनी असतील?"

"ते जाणकारांनी येऊन सांगायचं. जाणकारांना बोलवायला पत्रं लिहिते आहे. अजून कोणी आलेलं नाही. आलं ते हे प्लॅस्टिक."

मी डायरीत नोंद केली, अर्ज चौकशीवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्यांच्याबरोबर कातळावर गेलो. माशाच्या वळणांनी, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत, पिवळसर काचेसारखा कडक थर चढवलेला होता. मला एकच कळत होतं, की नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. मी शिपायाला म्हणालो, "छिन्नी आण. कोपऱ्यातला एक तुकडा काढू."

बाई माझ्या आणि माशाच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, खुनी शोधायला मेलेल्याचा गळा कापणार का?"

शिपाई हसला. मी त्याच्याकडे बघितल्यावर थांबला. छिन्नी परत गेली. थराचा एक ढलपा आपणहून सुटून फटीत पडला होता, तो पिशवीत घातला.

पुढचा पंधरवडा मी वाया घालवला, हे कबूल करतो. माझा संशय सहलीला येणाऱ्या टोळक्यांवर. दोन रिसॉर्टची रजिस्टरं चाळली, दारू पिऊन कातळावर धिंगाणा घातलेल्या चौघांना बोलावलं. ते इतके घाबरले, की एकाने तीन वर्षांपूर्वी चोरलेली सायकल कबूल केली. माशाचं नाव नाही.

खबर दिली ती एका कोळिणीने. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर ती बोंबील वाळत घालत होती. दोन दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि बांबूवर टाकायची. तिचे हात माझ्याशी बोलतानाही थांबले नाहीत.

"साहेब, तुमी पिकनिकवाले धरताव. पिकनिकवाले दगडाला काय करतात? नाव लिवतात, दिल काढतात. तुमी त्या थराची कड बगितली का?"

"काय आहे कडेला?"

"कड नीट हाय. ब्रश फिरवलाय. ज्याला खराब करायचा हाय, तो कड सारखी करील का? ह्ये माया करनाऱ्याचा काम हाय." तिने आणखी दोन बोंबील अडकवले. "आनि त्यो पिशवीतला तुकडा हुंगून बगा. मंग बोटींच्या शेडमदी जाऊन हुंगा. पन लौकर करा. दगड निसरडा हाय, आनि त्यो एकटाच जातो."

"कोण तो?"

"मी कुठं काय बोलली?"

तिने पाटी उचलली आणि निघून गेली. माणसांबद्दलची माझी एक जुनी नोंद आहे. खबऱ्याच्या आवाजात राग असेल, तर खबर निम्मी धरावी. काळजी असेल, तर पूर्ण.

मी ढलपा हुंगला. बोटींच्या शेडमध्ये गेलो आणि तिथेही हुंगलो. लाकडी बोटींना आता वरून फायबर मारतात, म्हणजे चटईसारखं कापड चिकटवून त्यावर रसायनाचे हात देतात, मग लाकडात पाणी शिरत नाही. वास तोच. या कामात गावात सगळ्यात जुना हात एका सत्तरीच्या नाखव्याचा होता. मी त्याला चहाला बोलावलं.

म्हातारा आला तो ताठ. लुंगी, पांढरा शर्ट, बोटांच्या पेरांवर वाळलेलं रसायन. खुर्चीवर बसला आणि तोंड मिटलं. मी सरळ विचारलं, आडवळणाने विचारलं, कायदा सांगितला. उत्तर एकच, "माला काय ठावं न्हाय."

चौकशीच्या खोलीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत. मला नाटकाचा शौक आहे. मी तो ढलपा टेबलावर ठेवला, नाखव्याकडे पाठ केली आणि हवालदाराला मोठ्याने म्हणालो, "जाऊ दे रे. यांचा हात नाहीच हा. कोणा नवशिक्याचं काम आहे. पहिल्या उधाणाला सुटून येईल."

हवालदाराने झेल घेतला. "मी तेच बोलतोय साहेब. सगळे बुडबुडे राहिलेत. वसईचे कारागीर असते ना, तर असं झालं नसतं."

"वसई?" मागून खुर्ची सरकली. "वसईवाले माला इचारून काम करतात! कोन बोलला नवशिक्या? तीन हात मारलेत, तीन! मदी चटई घातलीय. दगड वला व्हता तर फडक्यानं पुसून, उन्हाची वाट बघून मारलाय. बुडबुडा दाखीव, कुठं हाय बुडबुडा?"

नाखव्याने ढलप्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हवालदाराकडे. हवालदार छताकडे बघत होता.

"चहा थंड होतोय, आबा," मी म्हणालो.

त्याने चहा घेतला. मग सगळं सांगितलं.

त्या माशाला गावात सगळे मानत. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बोट पाण्यात लोटताना नाखवा त्या बाजूला तोंड करून हात जोडायचा. चर्चला जाणारे नाखवे तिकडे बघून क्रूस करायचे. मासा कोणाच्या देवाचा, यावर कधी वाद झाला नाही. मासा तो मासा.

"माज्या आज्यानं दावला माला. तवा शेपटीवर खवलं दिसत व्हती. आता न्हाय दिसत. साहेब, बोटीला गलती लागली तर काय करतो आपन? वरनं फायबर मारतो. दगडालापन गलती लागली. मंग मारला."

"दगडाला कसली गळती?"

"चला, दावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला आम्ही चौघे कातळावर गेलो. नाखवा, मी, हवालदार आणि बाई. बाईंना आरोपी सापडल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे त्या तोंडात पहिलं वाक्य तयार ठेवूनच आल्या होत्या. नाखव्याने बोट वर केलं. कातळाच्या माथ्यावर रस्त्याच्या कडेने आलेला जाड सिमेंटचा पाइप होता. आसपासच्या नव्या बांधकामांचं आणि रस्त्याचं सगळं गटार त्यातून धो धो त्या कातळावर पडत होतं. माशाच्या वरच्या बाजूला पाण्याने हात जाईल एवढी खाच पाडली होती.

"चार वर्सांमागं ह्यो आनला, तवापास्नं दगड सुटाय लागला. समुद्र खालनं खातो, ते मान्य. समुद्र आपला हाय. पन ह्ये वरनं?"

बाईंचं तयार वाक्य तिथेच विरलं. त्या पाइपकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, तुम्ही माया केलीत. पण बोट लाकडाची असते. दगडात खारं पाणी मागूनही झिरपतं. पुढून तुम्ही वाट बंद केलीत, तर ते आत कोंडतं, सुकतं, मिठाचे खडे होतात आणि दगडाचे पापुद्रे काढतात."

त्यांनी थराच्या कडेला नख लावलं. खालचा दगड बिस्किटासारखा भुगा होऊन आला.

नाखव्याने तो भुगा तळहातावर घेतला. मग म्हणाला, "म्हंजे मीच मारला त्याला."

"एकट्या तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "पहिली तीन वर्षं फोटोत उठून दिसाव्यात म्हणून मी रेषांत खडू भरत होते. घासून काढताना किती रेषा झिजल्या असतील, देव जाणे. कोणी सांगितल्यावर बंद केलं."

दोन गुन्हेगार एकमेकांसमोर उभे होते आणि दोघांवरही मला राग धरता येईना. तो राग मी जपून वर नेला, पाइपच्या मालकाकडे.

गटाराच्या साहेबांचं ऑफिस थंडगार होतं.

"साहेब, पाणी कुठेतरी सोडावंच लागतं ना."

"तिथे कोरीव शिल्पं आहेत."

"आमच्या नकाशात नाहीयेत."

"नकाशात नसलेल्या माणसाला तुमच्या गाडीने उडवलं, तर मी काय लिहायचं? अपघात झालाच नाही?"

"तुम्ही उगाच हायपर होताय. कॉफी घेणार?"

मी कॉफी घेतली नाही. ठाण्यावर येऊन तीन पत्रं लिहिली. जावक क्रमांक टाकून, शिक्का मारून, ज्या ज्या कार्यालयाचा त्या कातळाशी संबंध असू शकेल त्यांना. मजकूर एकच, 'सदर कातळ आपल्या मालकीचा आहे काय? असल्यास नुकसानीबाबत फिर्याद द्यावी. नसल्यास तसे लेखी कळवावे.'

पोलिसांच्या पत्राला उत्तर येतं, एवढा मान शिल्लक आहे. पहिलं कार्यालय म्हणालं, कातळ भरतीच्या रेषेखाली आहे, म्हणून आमचा नाही. दुसरं म्हणालं, कातळ भरतीच्या रेषेवर डोकं काढतो, म्हणून आमचा नाही. तिसरं जुन्या वारशाचं. ते म्हणालं, आमच्या यादीत नाही, आणि यादीत घेण्यासाठी जागेच्या मालकाचा अर्ज लागतो.

वाचकहो, मी ती पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि हसलो. मग उठून दार लावलं आणि एकट्याने जे बोललो, ते छापण्यासारखं नाही. शेकडो वर्षं, कदाचित त्याहून जास्त, समुद्राला पुरून उरलेली गोष्ट होती ती. आणि भरतीला एकाची नाही, ओहोटीला दुसऱ्याची नाही, मधल्या वेळेत तिसऱ्याची नाही! पाइप मात्र बरोबर एकाचा होता. त्याच्यावर नंबरसुद्धा रंगवलेला होता.

आणि कायद्याने माझ्या हातात काय होतं? ब्रश घेतलेला एक म्हातारा. त्याच्यावर ओढूनताणून कलम लावता आलं असतं. पाइपवर नाही.

पुढच्या उधाणाला माशाची शेपटी सुटली. पाटाएवढा तुकडा खाली वाळूत पडला. बाई आणि नाखव्याने तो जाळ्यात घातला आणि चौघा खलाशांकरवी माझ्या ठाण्यात आणला. बाईंचे डोळे लाल. "आता काय करायचं, साहेब?"

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं, त्याचं श्रेय मी मोबाईल हरवणाऱ्या मीरा रोडकरांना देतो. किनाऱ्यावर सापडलेल्या, मालक नसलेल्या वस्तूंचं आम्ही रोज काय करायचो? बेवारस मालमत्ता म्हणून ताब्यात घ्यायची, पंचनामा करायचा, मुद्देमाल रजिस्टरला नोंद करायची आणि मालकाने पुढे यावं म्हणून जाहीरनामा काढायचा. मालक नसल्याबद्दल माझ्याकडे तीन लेखी पुरावे होते!

वरिष्ठांचा फोन आला. "अरे, तू दगड जमा केलास?"

"हो, साहेब."

"मुद्देमालात? दगड?"

"बेवारस आहे, साहेब. तीन कार्यालयांनी लिहून दिलंय."

"कातळ स्थावर आहे. तो बेवारस मालमत्तेत बसत नाही."

"कातळ नाही घेतला, साहेब. सुटलेली शेपटी घेतली. ती चौघांनी उचलून आणली, म्हणजे जंगम झाली. आता ती जिथून सुटली, त्या जागेचा पंचनामा मला करावाच लागेल."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "सविस्तर कर."

आम्ही सविस्तर केला. लागोपाठ चार दिवस, रोज ओहोटीचे दोन तास. गावातले एक पाववाले आणि एक निवृत्त पोस्टमन पंच म्हणून. आमचा फोटोग्राफर मापाची पट्टी ठेवून प्रत्येक रेषेचा फोटो घेत होता. बाई प्लॅस्टिक अंथरत होत्या. टेपचं एक टोक हवालदाराकडे, दुसरं नाखव्याकडे. पाणी कधी परत फिरणार, ते नाखवा घड्याळाशिवाय सांगायचा, आणि तो 'चला' म्हणाला की आम्ही निमूट निघायचो. मी पोलिसी मराठीत सांगत होतो आणि लेखनिक लिहीत होता.

'मासा एक, तोंड पश्चिमेस, लांबी साडेपाच फूट, डोळा गोल, शेपटी नाही. सदर शेपटी मुद्देमालात जमा. मासा जागीच आहे. माशाच्या उत्तरेस एक इसम, उभा, हात पसरलेले, अंगावर वस्त्र दिसून येत नाही. डाव्या हातास पाच बोटे स्पष्ट. उजव्या हातास चार, पाचवे झिजलेले. इसमाच्या चेहऱ्यावर भीती दिसून येत नाही.'

पोस्टमन थबकले. "साहेब, शेवटचं वाक्य पंचनाम्यात चालेल?"

"तुम्हाला दिसते का भीती?"

त्यांनी वाकून नीट बघितलं. "नाही."

"मग करा सही."

जाहीरनामा मी ठाण्याच्या फळ्यावर लावला, मासळी बाजारात लावला आणि रीतीप्रमाणे तिन्ही कार्यालयांच्या सूचनाफलकावर लावायला माणूस पाठवला. 'कातळशिल्पातील माशाची शेपटी सापडली असून मालकाने ओळख पटवून घेऊन जावी.' संध्याकाळपर्यंत तो मीरा रोडच्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॅपवर फिरला. तिसऱ्या दिवशी एक बातमीदार आला. पाचव्या दिवशी कॉफीवाल्या साहेबांचा फोन आला, की पाइप दुसरीकडे वळवायचं काम 'आधीपासूनच प्रस्तावित होतं'. महिनाभरात पाइप हलला. म्हणजे काम महिन्याचं होतं! चार वर्षं कातळ झिजला तो एका महिन्याच्या कामासाठी.

पण उशीर झाला होता. त्याच पावसाळ्यात दर्याने आपलं काम केलं. वरून खाच, आतून मीठ. एका उधाणाला माशाचं उरलेलं अख्खं अंग कोसळलं आणि दगडगोट्यांत मिसळून गेलं. वर्तुळं आणि होडी वाचली. माणूस वाचला. मासा गेला.

आणि मासा गेल्यावर मालक आला. वारशाच्या कार्यालयाचे एक अधिकारी पत्र घेऊन माझ्यासमोर बसले. शेपटी आमच्या ताब्यात द्यावी.

"अवश्य," मी म्हणालो. "ओळख पटवा. आम्ही चोरीतला सापडलेला कुकरसुद्धा ओळख पटवल्याशिवाय देत नाही. ही शेपटी ज्या माशाची आहे, तो कसा होता ते सांगा."

"कसा म्हणजे?"

"तोंड कुठे, डोळा कसा, पोटावर रेषा किती?"

त्यांनी फाइल उघडली. फाइलमध्ये माझ्याच पत्राची प्रत होती. "तुमच्या पंचनाम्याची नक्कल मिळाली, तर त्यात बघून..."

मी नाखव्याला बोलावणं पाठवलं. तो सुनेबरोबर आला, आणि तेव्हा मला कळलं, की बोंबील वाळवणारी माझी खबरी हीच त्याची सून. तिने माझ्याकडे अजिबात बघितलं नाही.

"आबा, मासा कसा होता?"

मुद्देमाल खोलीत एका जप्त स्कूटरच्या सीटवर बोटभर धूळ साचली होती. नाखवा तिथे उभा राहिला. शेपटीकडे पाठ करून, डोळे मिटून, त्याने धुळीत एका बोटाने मासा काढला. तोंड पश्चिमेला. डोळा गोल. पोटावर सात आडव्या रेषा. आणि शेपटीवर खवलं, जी बाईंच्या प्लॅस्टिकवरही नव्हती, कारण त्या यायच्या आधीच ती पुसली गेली होती. फोटोग्राफरने त्या धुळीचाही फोटो घेतला. मी पुरवणी जबाब लिहिला, की ओळख पटली.

कायद्याने शेपटी अधिकाऱ्यांना द्यावी लागली. नाखव्याकडे पत्र नव्हतं ना! त्यांनी पावतीवर लिहिलं, 'दगड, एक नग.' मी पावती फाडली. दुसरी लिहून घेतली, चार पानी. प्रत्येक पानावर त्यांची सही होईपर्यंत चहा मागवला नाही. मग पंचनाम्याच्या नकला काढल्या. एक बाईंना, एक गावच्या शाळेला, एक देवळात, एक चर्चमध्ये.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं भाषणाला बोलावतात तेव्हा लोक विचारतात. नाखवा चुकला, पण तो आपल्या हाताने चुकला, आणि चूक कळल्यावर त्याने जेवण सोडलं होतं, हे त्याच्या सुनेने मला नंतर सांगितलं. बाकीचे हात न लावता चुकले आणि वेळेवर जेवले. पहिल्या चुकीला पुस्तकात कलम सापडतं. दुसऱ्या चुकीला मी एकतीस वर्षं शोधलं, सापडलं नाही. याचा मला आजही राग येतो, आणि तो मी उतरू देणार नाही. ताक प्यालो तरी.

वर्दी उतरवली, पण उधाण सोडलं नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सकाळी आम्ही तिघे अजून कातळावर जातो. बाई प्लॅस्टिक अंथरतात, टेपचं एक टोक नाखव्याकडे असतं, दुसरं माझ्याकडे. मी सवयीने पंचनामा लिहितो, दोघांच्या सह्या घेतो आणि तिन्ही कार्यालयांना प्रत पाठवतो.

परवाच्या पौर्णिमेचा असा आहे. 'होडी एक, जागेवर. वर्तुळे तीन, जागेवर. इसम एक, उभा. डाव्या हातास बोटे तीन. मागील उधाणास चार होती. चेहऱ्यावर भीती दिसून येत नाही. आरोपीचे नाव,' आणि पुढे जागा कोरी.